साडूभाऊंचे नापास फोटो

आमच्या साडूभाऊंना या भूतलावरची एकही गोष्ट पहिल्या नजरेत पसंत पडलेली नाही. दुसऱ्या नजरेत तर नाहीच नाही, कारण दुसरी नजर ते चष्मा पुसून टाकतात. माझ्या लग्नात मी बोहल्यावर उभा होतो, मंगलाष्टकं चालू होती, सगळा मांडव अक्षता उधळत होता, आणि हा गृहस्थ आपल्या वाटच्या अक्षता तळहातावर पसरून निरखत होता. चौथ्या मंगलाष्टकाला त्यांनी शेजारच्या माणसाला विचारलं, "कनी जास्त हाय. कोन्या दुकानातून आनले हे तांदूळ?" मग त्या अक्षता माझ्या डोक्यावर न पडता त्यांच्या खिशात गेल्या, दुसऱ्या दिवशी दुकानदाराला दाखवायला. आपलं लग्न एक मूठ अक्षतांनी कमी लागलं आहे, असं माझी बायको भांडण रंगात आलं की अजून म्हणते. साडूभाऊ तिच्या थोरल्या बहिणीचे यजमान, त्यामुळे दोष मात्र माझ्याच पदरात टाकते.

आता यात त्यांचा स्वभाव किती आणि धंदा किती, हे वेगळं काढणं कठीण आहे. वडशाच्या एका राइस मिलमध्ये ते पस्तीस वर्षं धान पारखायला होते. मिलच्या दारात बंड्यांची, म्हणजे बैलगाड्यांची, आणि ट्रॅक्टरांची रांग लागलेली असायची. साडूभाऊ हातात परखी घेऊन यायचे. परखी म्हणजे टोकदार लोखंडी नळी, पोत्यात खुपसून ओढली की खोबणीत मूठभर धान घेऊन बाहेर येते. ते धान तळहातावर पसरायचं, फुंकर मारून पोचट किती उडाले ते पाहायचं, एक दाणा दाताखाली धरून फोडायचा, डोळे मिटून त्याचा आवाज ऐकायचा आणि म्हणायचं, "वापस." बस्स. ओलावा जास्त आहे की खडे आहेत, किती दिवस वाळवून आणावं, काही नाही. शेतकरी हात जोडायचा, "जी, सांगान तं खरं, काय चुकलं?" तोवर हे पुढच्या बंडीपाशी पोचलेले असायचे. लाच म्हणून एकाने कोंबडा आणला, तर कोंबड्याचा पंख उचलून पाहिला आणि कोंबडाही वापस केला. लग्नाच्या पहिल्याच वर्षी त्यांनी खुद्द आमच्या सासऱ्यांची बंडी परत पाठवली. त्या दिवशी सासूबाईंनी जावयाला वाढताना तोंडातून ब्र काढला नाही. जावयानेच काढला. म्हणाले, "भात मऊ झाला."

अशा माणसाला निवृत्तीच्या दिवशी कॅमेरा भेट द्यायची बुद्धी मिलमालकाला कशी झाली, देव जाणे. बहुधा यांच्या नजरेला काहीतरी काम राहावं आणि ती मिलकडे पुन्हा वळू नये, असा हेतू असावा. निरोपाच्या भाषणात साडूभाऊंनी मालकाचे आभार मानले आणि डब्याचा एक कोपरा दबलेला असल्याची नोंद माइकवरून करून दिली. पुढे महिनाभर कॅमेरा कपाटात होता. मग कधीतरी मोबाइलवरच्या एका व्हिडिओत त्यांना समजलं, की परदेशात एक संकेतस्थळ आहे. तिथे कोणीही फोटो पाठवावेत, तिथली माणसं ते तपासतात, निर्दोष असले तर दुकानात ठेवल्यासारखे ठेवतात, आणि जगभरचे लोक तिथून ते विकत घेतात. साडूभाऊंना विक्रीशी काही घेणंदेणं नव्हतं. त्यांच्या डोक्यात 'तपासतात' हा शब्द जाऊन बसला. जगाच्या पाठीवर आपल्यासारखा आणखी कोणी पारखी आहे, या कल्पनेने त्यांना झोप येईना.

नियम असा होता, की पहिल्यांदा दहा फोटो पाठवायचे. त्यातला एक जरी पास झाला तरी खातं उघडणार. एकही झाला नाही तर महिनाभर थांबायचं आणि पुन्हा दहा पाठवायचे. पत्रं इंग्रजीत येत. मी ब्रह्मपुरीच्या शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवलं, त्यामुळे पत्र आलं की वैनगंगा ओलांडून वडशाला जायचं आणि साडूभाऊंचा निकाल त्यांना मराठीत वाचून दाखवायचा, ही जबाबदारी माझ्यावर आली. हे काम मी आनंदाने पत्करलं. का, ते सासुरवाडीच्या कोणत्याही माणसाला विचारा.

पहिल्या दहांतला मुख्य फोटो नदीत बसलेल्या म्हशीचा होता. मी वाचलं, "फोकस चुकला आहे."

"झुडूप तं बराबर दिसून राह्यलं," साडूभाऊ म्हणाले.

"झुडपाचं पान न् पान दिसून राह्यलं. पन फोटोचं नाव तुमी म्हैस देल्लं ना भाऊ."

त्यांनी फोटो कॉम्प्युटरवर शंभर टक्के मोठा केला, चष्मा पुसला, म्हशीच्या डोळ्यापर्यंत नाक नेलं आणि मान आडवी हलवली. "खरं हाय. मीबी घेतला नसता." मला वाटलं होतं, हा माणूस चिडेल, परदेशी लोकांना दोन शिव्या हासडेल. छे! त्यांना तो परीक्षक पहिल्याच पत्रात आवडून गेला. पुढच्या महिन्यात नॉईज निघाला. सावलीत फोटो काढला की काळ्या भागात रंगीबेरंगी बारीक कण दिसतात, असं मी समजावून सांगायला लागलो. मला वाटलं तासभर जाईल. साडूभाऊ म्हणाले, "म्हंजे चाळलं नाई," आणि विषय संपला. त्यानंतर पूल तिरपा आला. वैनगंगा त्या फोटोत अशी काही उताराला लागली होती, की अर्ध्या तासात सगळी नदी चौकटीबाहेर जावी. मग बगळ्याच्या पांढऱ्या पंखाला जांभळी किनार आली, ती लेन्सची चूक निघाली. साडूभाऊ तिला चार दिवस बगळ्याची जात समजत होते.

काळ्या ठिपक्याची हकीकत तर मी अजून कोणी उदास दिसलं की सांगतो. त्यांच्या प्रत्येक फोटोत आभाळात, उजव्या अंगाला, वरच्या बाजूला एक काळा ठिपका असायचा. साडूभाऊंनी निदान केलं की ती घार आहे. मग त्यांच्या लक्षात आलं की आरमोरीच्या फोटोतही तीच घार आहे, आणि चिमूरला नातेवाइकाकडे गेले होते तिथेही तीच. सात-आठ आठवडे हा माणूस वर बघत हिंडला. घरातल्या कोंबड्या झाकून ठेवायला लागला. "माह्या मागं लागली हाय," असं बायकोला हळू आवाजात सांगितलं, आणि ती माउली घाबरून शनिवारी मारुतीला नारळ फोडून आली. शेवटी पत्र आलं, की कॅमेऱ्याच्या आत धुळीचा कण बसला आहे, साफ करून घ्या. धुळीचा कण निघाला तो भाताच्या कोंड्याचा.

तरी मूळ रोगाचा पत्ता मला फार उशिरा लागला. प्रत्येक पत्रात एक तक्रार कायम असायची: फोटो दाबला गेला आहे, बारकावे गेले आहेत. मी विचारलं, कॅमेऱ्यातले फोटो तुम्ही कॉम्प्युटरमध्ये कसे नेता? तेव्हा कळलं, की ते आधी मोबाइलवर घेतात, मोबाइलवरून आमच्या 'सासुरवाडी' या घरगुती ग्रुपवर टाकतात, आणि तिथून परत उतरवून घेतात. म्हणजे जगाच्या बाजारात जाणारा प्रत्येक फोटो आधी सासुरवाडीच्या चाळणीतून पिळून निघत होता. आता मला उलगडलं, की दोन वर्षं रोज सकाळी आम्हा सगळ्यांना म्हशी का येत होत्या. एका मावशींना वाटायचं हे सुप्रभात आहे. त्या प्रत्येक म्हशीला हात जोडत.

मग नवीनच अडचण उभी राहिली. फोटोत कोणत्याही कंपनीचं नाव दिसता कामा नये, असा नियम होता. आता आमच्या भागात कंपनीच्या नावाशिवाय माणूस शोधून दाखवावा. शर्टावर बियाण्याची कंपनी, टोपीवर खताची, छत्रीवर फवाऱ्याची, पिशवीवर सिमेंटची. नांगरणारा माणूस म्हणजे चालताबोलता जाहिरातफलक. साडूभाऊ बांधावर उभे राहून फर्मान सोडायचे, "शर्ट उलटा घाल." एका चिखलणीच्या दिवशी सगळी बांधी, म्हणजे धानाचं अख्खं शेत, उलटे शर्ट घालून राबताना मी पाहिली आहे. त्यातला एक जण मला म्हणाला, "मास्तर, याइनं पैले आमचा धान वापस केला, आता आमाले उलटे करून राह्यले."

या शेतकऱ्यांना साडूभाऊंच्या निकालाची बातमी लागायला वेळ लागला नाही. स्टेशनाजवळच्या टपरीवर ते चहाला गेले की कोणीतरी आवाज द्यायचा, "काय जी, आजची बंडी पास का वापस?" पस्तीस वर्षांचं उट्टं काढायची ही सोय त्यांना आपसूक मिळाली होती, आणि मी खोटं कशाला बोलू, पहिल्या खेपेला मीही चहाच्या कपात तोंड लपवून हसलो. साडूभाऊ मात्र गंभीरपणे सांगायचे, "वापस. फोकस कमी पडला." चिडवणाऱ्यांची त्यातली मजा निघून जायची. ज्याने स्वतःच मान हलवली, त्याला आणखी काय बोलणार?

मात्र या विद्येचा प्रसाद घरच्यांना मिळायला लागला, तेव्हा घरदार रडकुंडीला आलं. नातेवाइकांचे अल्बम शंभर टक्के मोठे करून त्यांनी नापास केले. पुतण्यासाठी आलेल्या स्थळाच्या फोटोत मागचा पडदा जळला आहे, म्हणजे उजेड जास्त पडला आहे, असं त्यांनी मुलीच्या वडिलांना तोंडावर सांगितलं. तो बिचारा घरी फोन करून पडदा पाहायला सांगत होता. कहर झाला तो एका तेरवीला. फुलांचा हार घातलेल्या फोटोसमोर सगळे हात जोडून उभे. साडूभाऊ पुढे झाले, वाकले, काचेला नाक लावलं आणि म्हणाले, "डोळे शार्प नाईत." मेलेल्या माणसाच्या धाकट्या भावाने त्यांना पंगतीत बसू दिलं नाही. साडूभाऊंना त्याचं कारण कळलं नाही ते नाहीच.

एवढ्या जगात एकच माणूस असं होतं, की ज्याच्यात त्यांनी कधी खोट काढली नव्हती. त्यांची थोरली बहीण. ते तिला बाई म्हणत, म्हणून आम्हीही बाईच म्हणतो. धानोऱ्याच्या पुढे, जंगलातल्या एका गावी, बाई एकट्या राहतात. दोन एकर धान, उन्हाळ्यात मोहफूल, मग तेंदूपत्ता. आई लवकर गेली, तेव्हा बाई नऊ वर्षांच्या होत्या आणि साडूभाऊ चारचे. बाईंनीच त्यांना कडेवर घेऊन मोठं केलं. लहानपणी बाईंना देवी आल्या होत्या, त्यांचे वण सगळ्या चेहऱ्यावर आहेत. लग्न झालं नाही. का झालं नाही, हे कोणी बोलत नसे. बाईंच्या हातचा भात मऊ झाला, खाली लागला, कच्चा राहिला, तरी साडूभाऊ दोनदा मागून घेत. तर या साडूभाऊंनी एके दिवशी जाहीर केलं, की आपला जो फोटो पास होईल तो बाईचाच होईल. "मोह येचताना. जगात कुठी पाह्यला नसन कोनी असा फोटो." बाईंना निरोप गेला. बाईंनी तो सगळ्या गावाला सांगितला.

मार्चअखेर आम्ही त्यांच्या मोटारसायकलवरून निघालो. साडूभाऊ पुढे, मी मागे, आणि माझ्या मांडीवर कॅमेऱ्याची तीन पायांची घोडी. मोहाची फुलं पहाटे गळतात. झाडाखालचा पाचोळा आधी जाळून जमीन स्वच्छ केलेली असते, आणि उजाडायच्या आत बायका फुलं वेचायला लागतात, नाहीतर गुरं येऊन फस्त करतात. म्हणजे ज्या वेळी बाई फुलं वेचत होत्या त्या वेळी उजेड नव्हता, आणि उजेड आला त्या वेळी फुलं टोपलीत होती. साडूभाऊंनी घड्याळ पाहिलं, आभाळ पाहिलं आणि म्हणाले, "बाई, फुलं खाली टाक. पुन्हा येच."

"येचलेले फुलं पुन्हा टाकू? काऊन, बापू, डोस्कं फिरलं का तुह्यं?"

"उजेड नोहता. नॉईज येते."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. ज्या बाईने जन्मात मोहाचं एक फूल वाया जाऊ दिलं नव्हतं, तिने अर्धी टोपली जमिनीवर उधळली आणि भावाकडे पाहून हसली. मग वेचायला बसली. साडूभाऊ घोडी सरकवत होते, पालथे पडत होते, उठत होते. दहा वाजेपर्यंत बाईंनी ती फुलं तीनदा वेचली. "आता इकडं पाय," साडूभाऊ म्हणाले. बाईंनी इकडे पाहिलं, पण पदर गालावर ओढून घेतला. "पदर काढ ना बाई, सावली पडून राह्यली." बाईंनी हातातली फुलं टोपलीत ठेवली. मग पदर मागे टाकला आणि कॅमेऱ्याकडे सरळ पाहिलं. मला एकदम वाटलं, आपण इथे नसायला हवं होतं. साडूभाऊंना असलं काही वाटलं नाही. ते फोकस लावत होते.

तो फोकस कानावर लागला. पत्रात तसं स्पष्ट लिहिलं होतं: व्यक्तीचे डोळे अस्पष्ट, कान सुस्पष्ट. पुढच्या महिन्यात बाईंचा दुसरा फोटो गेला, त्यात उजेड जास्त. त्याच्या पुढच्यात नॉईज. दर महिन्याला बाईंचा फोन यायचा, "आलं का काई, बापू?" आणि साडूभाऊ एकच शब्द सांगायचे, "वापस." तो एकच शब्द त्यांनी पस्तीस वर्षं बंडीवाल्यांना सांगितला होता, कारण न देता. बाईंनाही कारण दिलं नाही. पलीकडून बाई म्हणायच्या, "बरं." मी दोन-तीनदा जवळ बसलेला होतो. पत्र माझ्या हातात होतं, कारणं मला पाठ होती. पण सांगितलं नाही. मला त्यांच्या नापास होण्याची गंमतच संपत नव्हती.

पावसाळ्यात ते कॉम्प्युटरवरचं एक हत्यार शिकले. आभाळातला ठिपका त्याने पुसता येतो. ठिपक्यावर नेऊन दाबलं, की आजूबाजूचं आभाळ पसरून ठिपका नाहीसा. ऑगस्टमध्ये मी गेलो तेव्हा त्यांनी मोठ्या अभिमानाने मला बाईंचा फोटो दाखवला. दोन आठवडे बसून त्यांनी तो साफ केला होता. एकही वण उरला नव्हता. "आता पाय कसा वापस करते तो!" मला ते बरं वाटलं नाही. मी म्हणालो, "छान." महिनाभराने पत्र आलं: चेहऱ्यावर संगणकाचं काम जास्त झालं आहे, त्वचा खरी वाटत नाही.

भाऊबीजेला साडूभाऊ दरवर्षी बाईंकडे जातात. त्या वर्षी मलाही घेऊन गेले. ओवाळणं झालं, जेवण झालं. अंगणात धानाचे भारे रचलेले होते. बाई म्हणाल्या, "माह्ये फोटू तं दाखव, बापू. एवढे काढले." साडूभाऊंनी टॅबलेट काढला आणि आधी तोच, ऑगस्टातला, दाखवला. त्यांच्या लेखी तो सगळ्यांत नीटनेटका होता.

बाईंनी बराच वेळ पाहिलं. "हे कोन होय?"

"तूच व्हय."

"मी नोहो." त्यांनी बोट लावलं, तसा चेहरा मोठा झाला. "मी अशी असती तं इथी कायले राह्यली असती?" मग विचारलं, "अन् हेबी वापस केली का त्याइनं?"

"व्हय."

"बाप्पा! मंग माही तं गोष्टच नाई." बाई हसल्या. टॅबलेट भावाच्या मांडीवर ठेवला आणि हात पदराला पुसले. "जाऊ दे, बापू. नोको पाठवू आता. तिघं जन आले होते मले पाह्याले. बाबा होते तवा. पोहे खाल्ले, चहा पेले, अन् निरोप दुसऱ्याच मानसाजवळ पाठवला. कारन कोनी सांगतलं नाई. तसं काई सांगा लागत नाई, समजते. तुह्ये परदेशवालेबी तसेच. पन आता या वयात गावात सांगून बसली ना मी."

हे सगळं त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नव्हतं. धान कसं झालं हे सांगावं तसं सांगितलं. साडूभाऊ खाली पाहत होते. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून मला कळलं, की सात महिन्यांत बाईंच्या मनात काय चाललं होतं ते त्यांना आत्ता, या क्षणी, पहिल्यांदा कळलं आहे. त्यांनी टॅबलेट उचलला. बोटाने एक-एक फोटो मागे सारला. मोहाच्या झाडाखालचा, पदर मागे टाकलेला तो पहिला फोटो आला, तिथे थांबले.

"हा पास झाला, बाई."

मी चमकून वर पाहिलं. ज्या माणसाने सासऱ्याची बंडी सोडली नाही, मेलेल्या माणसाचे डोळे सोडले नाहीत, त्याच्या तोंडून मी खोटं ऐकत होतो, आणि तेही इतकं वाईट, की लहान मुलालासुद्धा पटू नये.

"कवा?" बाई म्हणाल्या.

"काल. याइले इचार. इंग्रजी पत्र याइनंच वाचलं."

बाई माझ्याकडे वळल्या. मी जन्मभर भाषांतराचे गुण कापत आलो. मुळात नसलेलं वाक्य घातलं म्हणून पोरांना उभं केलं. मी म्हणालो, "व्हय बाई. कालच आलं."

"काय लेहलं त्याइनं?"

"लेहलं, का या फोटोत दुरुस्त करासारखं काई नाई."

"एवढंच?"

"एवढंच. ते लोक जास्त बोलत नाई."

बाईंनी टॅबलेट पुन्हा घेतला. दारातल्या उजेडाकडे धरला. आपला चेहरा त्यांनी आधी लांबून पाहिला, मग जवळून पाहिला, वणांवरून बोट फिरवलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते त्यांनी लपवलं नाही. "कान लय साफ आला," त्या म्हणाल्या. मग टॅबलेट घेऊन त्या शेजारच्या घराकडे गेल्या. कुडापलीकडून बायकांचे आवाज येत राहिले. आम्ही दोघं साडू खाटेवर बसलो होतो. एकमेकांकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी परतताना साडूभाऊंनी गाडी गडचिरोलीत एका स्टुडिओसमोर थांबवली. बाईंना भिंतीवर लावायला फोटो मोठा करून हवा होता. स्टुडिओतल्या माणसाने तो कॉम्प्युटरवर उघडला आणि सवयीने हत्यार उचललं. "आजीचा चेहरा साफ करून देतो, दोन मिनिटं बसा." साडूभाऊंनी त्याचं मनगट धरलं.

"हात नोको लावू."

"अवो, डाग तेवढे काढतो. सगळेच काढून घेतात."

"एकबी नोको काढू. जशी हाय तशी पायजे."

तो माणूस ओशाळला. मग त्याने फोटो नीट पाहिला आणि कामातल्या माणसाने सांगावं तसं सांगितलं, "साहेब, फोकस कानावर आहे. डोळे शार्प नाहीत. एवढा मोठा केला तर फुटेल."

"मले मालूम हाय," साडूभाऊ म्हणाले. "छाप."

त्यानंतर त्यांनी कुठे फोटो पाठवलेले नाहीत. मी दोन-तीनदा विचारलं, तर म्हणाले, पाहू. पत्र वाचायला वडशाला जायचं कारण उरलं नाही, त्यामुळे आमच्या भेटीही कमी झाल्या, आणि मला ते जाणवतं. या माणसाला हसण्यात माझी कितीतरी वर्षं मजेत गेली. पण त्या दिवशी गाडीवर त्यांच्या मागे बसलेलो असताना, त्यांच्या पाठीवर हात ठेवावा आणि सांगावं, की भाऊ, तुम्ही फार चांगलं काम केलंत, असं मला मनापासून वाटलं होतं. मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी गाडी थांबवली असती, चष्मा पुसला असता, आणि माझ्या त्या वाक्यातही काहीतरी खोट काढली असती. ती खरीही निघाली असती.